कलामहाविद्यालय सुटल्यानंतरचं पहिलं वर्ष: नव्या चित्रकारासाठी

जी.डी. आर्ट किंवा बी.एफ.ए.चा शेवटचा निकाल लागतो, हॉस्टेलची खोली रिकामी होते, ड्रॉइंग बोर्ड आणि रंगांची पेटी एस.टी.तून घरी येते. पहिले चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी लक्षात येतं की आता कुणीच सबमिशन मागणार नाही. सर मागे उभे राहून ‘इथे टोन कमी पडतोय’ म्हणणार नाहीत. शेजारच्या ईझलवर कुणी आपल्यापेक्षा बरं काम करत नसतं, त्यामुळे चुरसही नसते. माझ्या बरोबरीच्या कितीतरी जणांची चित्रं याच वर्षात थांबली. हात चांगले असलेली मुलं होती ती.

हा लेख त्या वर्षासाठी आहे. कॉलेजात न जाता स्वतः शिकलेल्यांनाही तो उपयोगी पडेल, कारण त्यांचं प्रत्येक वर्ष असंच असतं. माझं म्हणणं थोडक्यात असं: या वर्षी प्रेरणेची वाट पाहू नका आणि प्रदर्शनाची घाई करू नका. एक वही भरा, घराजवळचा एक विषय धरा आणि त्याच्यापाशी कंटाळा येऊन गेल्यानंतरही टिका. पुढच्या पायऱ्या याच कामासाठी आहेत.

पायरी १. जागा आणि वेळ ठरवा

स्टुडिओ नाही म्हणून काम अडत नाही. भिंतीचा एक कोपरा, एक टेबल आणि तिथले रंग कुणी हलवणार नाही असा घरच्यांशी झालेला करार, एवढं पुरतं. उत्तरेची खिडकी मिळाली तर घ्या, तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. रात्री काम करणार असाल तर पिवळ्या दिव्याखाली रंग मिसळू नका. पांढऱ्या उजेडाचा दिवा लावा, नाहीतर सकाळी चित्र पाहून धक्का बसेल.

रोज दोन तास, ठरलेल्या वेळी. नोकरी असेल तर नोकरीआधी किंवा नंतर. सुधीर पटवर्धनांचं उदाहरण मला नेहमी धीर देतं. १९४९ साली पुण्यात जन्म, वैद्यकीय शिक्षण, चित्रकलेची पदवी नाही. तीस वर्षं ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम केलं आणि त्याच काळात लोकल, पूल, इराणी हॉटेल, कामगार, उपनगरांतल्या इमारती रंगवल्या. पूर्णवेळ चित्रकार झाले ते २००५ मध्ये. दवाखान्यातून घरी येऊन चित्र काढणाऱ्या माणसाचं काम आज देशातल्या मोठ्या संग्रहांत आहे. वेळ नाही असं वाटलं की मी त्यांचे दवाखान्याचे तास आठवते.

पायरी २. वही

सगळ्या पायऱ्यांत मला ही महत्त्वाची वाटते, म्हणून इथे जरा थांबू.

वही लहान घ्या, पिशवीत किंवा पर्समध्ये मावेल अशी. महागडी घेऊ नका. महाग वहीत माणूस वाईट चित्र काढायला घाबरतो आणि वही असते ती वाईट चित्रांसाठीच. साधा जाडसर कागद, एक बॉलपेन किंवा २बी पेन्सिल. रबर घरी ठेवा.

काय काढायचं? एस.टी. स्टँडवर झोपलेला माणूस. दवाखान्यातल्या बाकावरच्या चपला. आई कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी राहते तेव्हा तिचा एक पाय कसा सैल पडतो, ते. उभी माणसं हलतात, म्हणून आधी पाठीची रेघ आणि वजन कोणत्या पायावर आहे ते पकडा. चेहरा राहिला तरी चालेल. माणूस उठून गेला तर उरलेलं आठवणीतून पुरं करा. शाळेत ग्रेडच्या परीक्षेला आपण स्मरणचित्र काढायचो आणि बहुतेकांना तो पेपर नको वाटायचा. आता तोच पेपर रोज सोडवायचा. डोळ्यांनी नीट पाहिलं होतं की नाही हे आठवणीतून काढतानाच कळतं.

एम. व्ही. धुरंधर १८९० मध्ये कोल्हापूरहून मुंबईच्या जे.जे. कला शाळेत शिकायला आले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. पौराणिक चित्रांबरोबर त्यांनी मुंबईच्या रस्त्यावरची माणसंही खूप काढली. पगडी कशी बांधली आहे, नऊवारीचा काष्टा कसा बसला आहे, टोपली डोक्यावर असताना मान किती ताठ राहते, हे त्यांच्या रेषेत दिसतं. एवढी माणसं कल्पनेतून येत नाहीत. ती आधी पाहावी लागतात आणि पाहिलेली कागदावर उतरवून ठेवावी लागतात.

वहीत शब्दही लिहा. चित्रकार प्रभाकर बरवे नियमितपणे डायऱ्या लिहीत, त्यात रेखाटनं असत आणि विचारही. घड्याळ, पान, डबी अशा साध्या वस्तू त्यांच्या कॅनव्हासवर येऊन वेगळ्याच भासतात. त्यामागे त्या वस्तूकडे पुन्हापुन्हा पाहणं आहे, लिहिणं आहे. तुम्ही एवढं करा: प्रत्येक पानावर तारीख, ठिकाण, वेळ आणि रंगाबद्दल एक ओळ. ‘संध्याकाळी साडेसहा, पत्र्यावरचा गंज आकाशापेक्षा उजळ’ अशी. सहा महिन्यांनी ती ओळ फोटोपेक्षा जास्त सांगते.

महिन्याला एक वही भरली तर उत्तम, दोन महिन्यांना एक भरली तरी चालेल. पानं फाडायची नाहीत आणि सोशल मीडियावर टाकायची नाहीत. निदान हे पहिलं वर्ष. वही दाखवायची आहे हे मनात आलं की हात सजून काढू लागतो.

पायरी ३. एक विषय धरा आणि सोडू नका

कॉलेज सुटलं तेव्हा मी घाट रंगवत होते. कोल्हापूरला शिकलेला कोण पंचगंगेचा घाट रंगवत नाही? पाण्यात पडलेलं दीपमाळेचं प्रतिबिंब, ओल्या वॉशमध्ये, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगाच्या थरात, सोडलेलं धुकं, पुढे एक लाल लुगडं. माझे घाट बरे होते. पण ते माझ्या सरांचे घाट होते, आणि सरांच्या घाटात त्यांच्या सरांचा घाट होता. निसर्गचित्रणाची ही परंपरा मोठी आहे, तिने माझा हात घडवला आणि तिचा मला आदर आहे. तरी घरी एकटीनं बसल्यावर मला माझ्या चित्रात मी कुठेच सापडेना.

विषय सापडला तो दळण आणायला गेल्यावर. आमच्या गल्लीत पिठाची गिरणी होती. मालकांना सगळे अण्णा म्हणत. रांगेत डबे ठेवलेले, बायका गप्पा मारत थांबलेल्या, आणि सगळ्यावर पिठाचा थर: कोळ्याच्या जाळ्यावर, दिव्याच्या वायरवर, अण्णांच्या भुवयांवर. अण्णांना विचारलं, इथे बसून काढू का. ते म्हणाले, “बस की. त्या कोपऱ्यात बस, पट्ट्याजवळ येऊ नकोस. ओढणी सांभाळ.”

पहिल्या आठवड्यात मी गिरणी काढली. दुसऱ्या आठवड्यात तीच गिरणी पुन्हा काढली. तिसऱ्यात कंटाळा आला, आता इथे काय उरलंय असं वाटलं. त्यानंतर पांढरा रंग दिसायला लागला. ज्वारीचं पीठ निळसर, थंड पांढरं असतं. गव्हाचं उबदार, सायीसारखं. बाजरीचं करडं, त्यात हिरवट झाक. बेसन दळलं की तासभर सगळी खोली पिवळी. पाच वर्षांत कुणी मला एवढा रंगविचार शिकवला नव्हता, म्हणजे शिकवला असेल, पण तो कागदावरच्या चौकोनांत होता. इथे तो डब्यात होता. त्या वर्षी मी गिरणीची चाळीसेक कामं केली. त्यातली बारा-तेरा ठेवण्यासारखी निघाली. पण ती माझी होती.

विषय शोधण्यासाठी मी नव्या मुलांना असं करायला सांगते. घरापासून पायी पंधरा मिनिटांच्या अंतरात फिरा. जिथे तुम्हाला नाव माहीत असलेली माणसं काम करतात अशा पाच जागा लिहून काढा: इस्त्रीवाला, सायकल दुरुस्तीचं दुकान, शाळेचं स्वयंपाकघर, गोठा, भाजी मंडईची मागची बाजू. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा जा, वेगवेगळ्या वेळी. ज्या ठिकाणी चौथ्यांदा जावंसं वाटेल तो विषय. सुंदर ठिकाण निवडू नका असं मी म्हणत नाही, पण जे आधीच सुंदर म्हणून प्रसिद्ध आहे तिथे दुसऱ्यांच्या चित्रांतून बाहेर पडायला फार वेळ जातो.

अमूर्त काम करणाऱ्यांनाही हे लागू आहे. वासुदेव गायतोंड्यांचे कॅनव्हास पाहिले तर त्यात वस्तू नाही, माणूस नाही, पण प्रकाश आणि थर आहेत. रोलर आणि सुरीने रंग चढवायचा, काढायचा, पुन्हा चढवायचा. वर्षाला मोजकीच चित्रं ते पूर्ण करत. तुमचा विषय ‘ओल’ असू शकतो, ‘गंज’ असू शकतो. फक्त तो खऱ्या भिंतीवर, खऱ्या पत्र्यावर जाऊन पाहिलेला असू दे.

परवानगी मात्र नक्की घ्या. दुसऱ्याच्या कामाच्या जागी बसणार असाल तर आधी विचारा, त्यांचं चित्र त्यांना दाखवा, जमलं तर एक रेखाटन देऊन या.

आणि एक गोष्ट, जी मला फार लागते. वारली चित्रांतले त्रिकोणी माणसांचे आकार उचलून कपांवर, पडद्यांवर, ‘स्वतःच्या शैली’त वापरणारे नवे कलाकार दिसतात. ही चित्रं लग्नाच्या वेळी घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जात. ती काढणाऱ्या बायका होत्या, मधल्या चौकात पालघाट देवी असे. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर आणली, रोज काढली, आणि त्यांच्यामुळे ती जगभर पोचली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. ते त्यांचं जगणं होतं. तुम्हाला त्यातून शिकायचं असेल तर जरूर शिका: एवढ्या कमी आकारांत नाच, शेत, मासेमारी कशी उभी राहते ते पाहा. आकार मात्र तुमच्या गल्लीतून शोधा.

पायरी ४. मूळ चित्रं पाहा

मोबाइलवर चित्राचा आकार कळत नाही, रंगाची जाडी कळत नाही. म्हणून वर्षातून चार-पाच वेळा तरी मूळ चित्रांपुढे उभं राहा.

मुंबईत काळा घोड्याला एका दिवसात बरंच होतं. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रं पाहा; तळहाताएवढ्या जागेत एकेक केस ओढलेला दिसेल. शेजारी जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ पासून तिथे शिकाऊ आणि नामवंत दोघांचीही प्रदर्शनं लागत आली आहेत. आत जायला पैसे लागत नाहीत आणि चित्रकार बहुधा तिथेच बसलेला असतो. त्याच्याशी बोला. बाहेर फुटपाथवर काम मांडून बसलेल्यांशीही बोला, विक्रीबद्दल ते जितकं खरं सांगतात तितकं कुणी सांगत नाही. समोर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, ते सोमवारी बंद असतं.

अजिंठ्याला कॉलेजच्या सहलीत गेला असाल, पण सहलीत कुणी चित्रं पाहत नाही. एकदा एकट्याने जा. सोमवार सोडून. रंगचित्रांसाठी लेणी क्रमांक १, २, १६ आणि १७ यांनाच सगळा वेळ द्या. छोटी दुर्बीण न्या, आत उजेड मंद असतो आणि चित्रं वर छतापर्यंत जातात. माती, भाताचं तूस आणि तंतू मिसळलेला गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर, आणि त्या सुकलेल्या थरावर खनिज रंग. गेरूतून निघालेल्या तांबड्या-पिवळ्यांच्या मधे एखादा निळा येतो तो कसा उठतो, ते बघा. रंगपेटीत अठ्ठेचाळीस नळ्या कशाला, हा प्रश्न तिथे पडतो.

सातारा जिल्ह्यात औंधला यमाईच्या डोंगरावर श्रीभवानी संग्रहालय आहे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी आपला संग्रह १९३८ मध्ये तिथे लोकांसाठी मांडला. रविवर्मा, धुरंधर, आणि इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचं आई-मुलाचं शिल्पही. एका खेड्यात हे सगळं आहे आणि तिथे गर्दी नसते, ही नव्या चित्रकारासाठी मोठीच सोय. त्याच जिल्ह्यात वाईला गेलात तर मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा आणि त्यातली भित्तिचित्रं पाहून या. सिंधुदुर्गात असाल तर पिंगुळीला चित्रकथीच्या पोथ्या पाहा. तिथे चित्र गोष्ट सांगताना हातात धरलं जातं आणि गाण्याबरोबर पान उलटतं.

पाहायचं कसं? संपूर्ण दालन फिरून घ्या, मग एकच चित्र निवडा आणि त्याच्यापुढे वीस मिनिटं थांबा. सर्वांत गडद जागा कुठे आहे, सर्वांत उजळ कुठे, नजर कुठून आत शिरते, हे वहीत खूण करून ठेवा. परवानगी असेल तर पेन्सिलीने नक्कल करा. नक्कल शिकण्यासाठी असते, तिच्यावर आपली सही करायची नसते.

पायरी ५. साहित्य थोडं, पण माहितीचं

सहा-सात रंगांवर वर्ष काढता येतं. मी यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरिन, एक थंड निळा, एक उबदार पिवळा आणि एक टिकाऊ लाल एवढे घेते. नळीवर मागे रंगद्रव्याचा क्रमांक बारीक अक्षरात छापलेला असतो, तो वाचायची सवय लावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरिन, पीवाय ४३ म्हणजे यलो ऑकर, मग कंपनी कोणतीही असो. जुना अलिझरिन क्रिमसन, पीआर ८३, उजेडात उडतो. विकायच्या चित्रात तो वापरू नका.

शंका असेल तर घरीच चाचणी करा: कागदावर प्रत्येक रंगाचा पट्टा ओढा, अर्धा भाग काळ्या कागदाने घट्ट झाका, उन्हाच्या खिडकीत तीन-चार महिने लावून ठेवा. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी ठेवले की कोणता रंग फितूर आहे ते दिसतं.

जलरंगासाठी ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्या. सरावाला पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा कागदही चांगला, फक्त पाणी किती शोषतो ते आधी तुकड्यावर पाहा. कोकणात, मुंबईत आणि गोव्यात पावसाळ्यात कागदावर बुरशीचे ठिपके पडतात. चित्रं भिंतीला टेकवून ठेवू नका, जमिनीवर तर नाहीच. सिलिका जेलच्या पुड्या घालून सपाट ठेवा आणि ऊन पडलं की पेटी उघडून हवा द्या. माझी पहिल्या वर्षातली आठ चित्रं एका जुलैमध्ये गेली, तेव्हापासून हे मी प्रत्येकाला सांगते.

पायरी ६. पोटाची सोय

यावर बोलायला आपल्याकडे लोक लाजतात. लाजू नये. चित्रकार एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते, खेळणी बनवत होते. बरवे आधी वाराणसीत आणि मग मुंबईत विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते. मडगावला जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठं आणि दिवाळी अंकांसाठी केलेलं काम मराठी घराघरांत पोचलं. पोटासाठी केलेलं काम हात बिघडवतंच असं नाही.

आज नव्याला सहज मिळणारी कामं म्हणजे एलिमेंटरी-इंटरमीजिएटचे वर्ग, मुलांच्या पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची रेखाटनं, भिंतीवरची चित्रं, व्यक्तिचित्रं. दिवाळी अंकासाठी विचारायचं तर उन्हाळ्यातच विचारा, गणपतीपर्यंत पानं ठरलेली असतात. शिकवणी घेणार असाल तर आठवड्याचे तीनच दिवस घ्या. सहा दिवस मुलांना फळं-भांडी काढायला लावली की रविवारी आपल्याला ब्रश नको होतो, हे मी अनुभवलं आहे.

वय १८ ते २५ असेल तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती पाहा. दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये, आणि त्यात दृश्यकलाही येते. जाहिरात आली की त्या वर्षीचे नियम वाचून अर्ज करा. या पैशात घर चालणार नाही, पण कागद-रंगांची काळजी मिटेल.

पायरी ७. नोंद ठेवा

हे रटाळ काम आहे, म्हणून लवकर उरका. प्रत्येक पुऱ्या झालेल्या चित्राचा फोटो घ्या: ढगाळ दिवशी किंवा सावलीत, फ्रेम करण्याआधी, कॅमेरा चित्राला अगदी समांतर. फ्लॅश नको. फाइलला नाव, माध्यम, आकार, वर्ष द्या. एका वहीत तेच लिहा आणि चित्र कुणाकडे गेलं तेही लिहा. दहा वर्षांनी कुणी विचारलं तर ही वहीच उत्तर देते.

आपल्या कामाबद्दल दहा ओळी लिहून ठेवा, मराठीत. ‘माझी चित्रे अस्तित्वाचा शोध घेतात’ असली वाक्यं खोडून टाका. कुठे बसता, काय पाहता, काय जमत नाही, ते लिहा. अण्णांना वाचून दाखवलं तर त्यांना कळेल अशी ती दहा ओळींची भाषा असावी.

पायरी ८. दाखवा

वर्षभराचं काम भिंतीला लावा, आणि ज्यांच्या नजरेवर विश्वास आहे अशा तिघांना बोलवा. एक चित्रकार, एक चित्रातलं काही न कळणारा, आणि एक तुमच्या विषयातला माणूस. गप्प बसून ऐका. मला अण्णा म्हणाले होते, “पट्टा उलटा फिरतोय तुझा.” खरंच उलटा होता.

मग वार्षिक प्रदर्शनांना कामं पाठवा. १८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी, १९१८ ची आर्ट सोसायटी ऑफ इंडिया, कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन, ललित कला अकादमीचं राष्ट्रीय प्रदर्शन. नियम नीट वाचा: आकाराची मर्यादा, फ्रेम हवी की नको, काम किती वर्षांत केलेलं असावं. अर्ध्या प्रवेशिका चित्रामुळे नव्हे, नियम न पाळल्यामुळे मागे पडत असतील असं मला दरवर्षी वाटतं. नाकारलं गेलं तर परीक्षकांची यादी पाहत बसू नका. निवडलेली चित्रं जाऊन पाहा.

फोन आणि मेसेज येतील: ‘आंतरराष्ट्रीय’ प्रदर्शन, प्रमाणपत्र, पुरस्कार, फक्त अमुक हजार रुपये भरा. मीही एकदा भरले. चित्रं एका हॉटेलच्या व्हरांड्यात दोन दिवस होती, पाहणारे आम्हीच भाग घेतलेले. पैसे भरण्याआधी विचारा: मागच्या वर्षी कुठे झालं, निवड कोण करतं, न निवडल्यास पैसे परत मिळतात का. उत्तर टाळलं तर तुम्ही टाळा.

जहांगीरसारख्या ठिकाणी स्वतःचं प्रदर्शन हे पहिल्या वर्षाचं काम नाही. अर्ज, निवड, मग तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबणं, भाडं, फ्रेमिंग, वाहतूक. अर्ज लवकर करून ठेवा आणि विसरून कामाला लागा. तोवर चार मित्रांचा ग्रुप शो गावातच करा. वाचनालयाचं सभागृह, शाळा, कुणाचा वाडा. पटवर्धनांनी २००८-०९ मध्ये समकालीन चित्रं महाराष्ट्रातल्या वेगवेगळ्या शहरांत फिरवली होती, ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाने. गॅलरी नसलेल्या गावातही बघणारे असतात.

किंमत ठरवताना साहित्य, फ्रेम आणि लागलेले दिवस यांचा हिशेब मांडा, आणि एकाच आकाराच्या चित्रांची किंमत सारखी ठेवा. ओळखीच्याला एक, गॅलरीत दुसरी असं करू नका, ते कळतंच. गॅलरीमार्फत विक्री झाली तर किमतीचा तिसरा ते अर्धा हिस्सा तिचा असू शकतो, म्हणून टक्केवारी, पैसे कधी मिळणार आणि वाहतुकीत नुकसान झालं तर कोण भरणार, हे आधी कागदावर घ्या.

हक्कांचं थोडं. चित्र विकलं म्हणजे त्याचा कॉपीराइट विकला असं होत नाही. १९५७ च्या कायद्याप्रमाणे तो लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडेच राहतो, तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. विकत घेणाऱ्याला ते कॅलेंडरवर छापायचं तर तुमची वेगळी परवानगी घ्यावी लागेल. मात्र कुणाच्या सांगण्यावरून, पैसे घेऊन केलेल्या चित्राचा हक्क, वेगळं ठरलं नसेल तर, सांगणाऱ्याकडे जाऊ शकतो. म्हणून ऑर्डरच्या कामात दोन ओळींचा करार करा. चित्राची मोडतोड करून तुमच्या नावाला बाधा आणण्याविरुद्धही कलाकाराला संरक्षण आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं भव्य भित्तिशिल्प काढून टाकलं गेलं, तेव्हा ते सरकारविरुद्ध कोर्टात गेले आणि २००५ मध्ये जिंकले.

उद्घाटनाला पाहुणा कोण, यावर फार वेळ घालवू नका. चित्रं नजरेच्या उंचीवर टांगा, दोन चित्रांत भरपूर जागा सोडा, नावांच्या चिठ्ठ्यांतलं शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्या. अभिप्राय वही दाराशी ठेवा. सगळे दिवस स्वतः हजर राहा, आणि चित्र समजावून सांगायची घाई करू नका. विचारलं की बोला.

शेवटच्या दिवशी चित्रं उतरवताना माणूस दमलेला असतो आणि नुकसान तेव्हाच होतं. आधी बटर पेपर, मग पुठ्ठा, आणि बबल रॅप सगळ्यात बाहेरून. तो रंगाला थेट लागला तर उकाड्यात गोल ठसे उठतात. काचेवर कागदी चिकटपट्टीचे तिरके पट्टे मारा. चित्रं उभी ठेवून न्या, आडवी रचू नका.

गिरणीतल्या कामांपैकी एक मी विकलं नाही. ते अण्णांच्या गिरणीतच आहे, काट्याच्या वरच्या भिंतीवर. आता त्यांचा मुलगा बसतो. काचेवर रोज पीठ बसतं, तो ते दर अमावास्येला पुसतो, आणि रांगेतली एखादी बाई विचारते, “हे कुणाचं रे?”